खुन्याचं नाव कळल्यानंतर

खुन्याचं नाव कळलं की रहस्यकथा संपते. दिवाणखान्यात सगळ्यांना जमवलेलं असतं, गुप्तहेर एकेकाच्या जबाबातल्या विसंगती उलगडत जातो, शेवटी बोट एका माणसावर येऊन थांबतं. दारात उभा असलेला पोलीस अधिकारी पुढे होतो आणि बाकीची मंडळी मोकळा श्वास घेतात. बेड्या पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे बहुतेक लेखक सांगत नाहीत. सांगायची गरजही नसे, कारण दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंडात खुनाला कायद्याने एकच शिक्षा होती, फाशी. ती पुस्तकाबाहेर कुठेतरी व्हायची. वाचकाच्या हाती यायचं ते फक्त सुटलेलं कोडं.

डोरोथी सेयर्स या लेखिकेने एकदा पडद्याआडचं दाखवलं. १९३७च्या 'बसमन्स हनिमून'मध्ये तिचा लॉर्ड पीटर विम्झी खुनी शोधून काढतो, आणि आपण शोधलेल्या माणसाला आता फासावर चढवणार या जाणिवेने खचत जातो. फाशीच्या पहाटे तो बायकोच्या कुशीत रडतो. विम्झीवरची सेयर्सने पूर्ण केलेली ती शेवटची कादंबरी. हा निव्वळ योगायोग असावा असं मला वाटत नाही. गुन्हेगाराचं नाव सांगणं म्हणजे न्याय करणं नव्हे, हे एकदा उमगलं की पुन्हा निवांतपणे खुनाची कोडी घालत बसणं अवघड होत असणार.

स्टुअर्ट टर्टन या इंग्रज लेखकाची 'द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकॅसल' ही पहिली कादंबरी २०१८मध्ये आली आणि त्या वर्षीचा कोस्टा पुरस्कार पदार्पणाच्या विभागात तिला मिळाला. तिची चर्चा झाली ती मुख्यतः रचनेच्या करामतीवर. जुनी हवेली, मेजवानी, खून, आणि तोच दिवस पुन्हा पुन्हा उगवणारा 'टाइम लूप'. करामत थक्क करणारी आहेच. पण ही कादंबरी महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी: नाव कळल्यानंतर काय, हा सेयर्सने एका प्रकरणापुरता उघडलेला प्रश्न टर्टनने अख्ख्या पुस्तकाचा कणा केला. त्याचं उत्तर मला पुरतं पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी शेवट उघड करावा लागेल. ज्यांना ती कोरी वाचायची आहे त्यांनी आधी वाचावी; मग या लेखाशी भांडायला ते जास्त समर्थ असतील.

कादंबरी एका जंगलात सुरू होते. एक माणूस भानावर येतो, तोंडात 'अ‍ॅना' हे एकच नाव. आपण कोण, इथे कसे आलो, काही आठवत नाही. धडपडत तो ब्लॅकहीथ नावाच्या मोडकळीला आलेल्या हवेलीपर्यंत पोहोचतो. तिथे त्याला कळतं की आपण सेबॅस्टियन बेल नावाचे डॉक्टर आहोत. थोड्याच वेळात हेही कळतं की हा बेल भित्रा आहे आणि पाहुण्यांना अमली द्रव्यं पुरवतो. म्हणजे पुस्तकाच्या अगदी आरंभी एक माणूस स्वतःचा भूतकाळ दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो आणि त्याला त्या भूतकाळाची किळस येते. जे आठवत नाही त्याची लाज वाटावी का? हा प्रश्न शेवटी कितीतरी मोठा होऊन परत येणार आहे.

दुसऱ्या सकाळी तो जागा होतो तेव्हा दिवस तोच असतो, शरीर मात्र दुसऱ्याचं. प्लेगच्या जुन्या वैद्यांसारखा चोचीचा मुखवटा घातलेला एक माणूस त्याला नियम समजावतो. त्याचं खरं नाव एडन बिशप. हा एक दिवस त्याने आठ वेगवेगळ्या माणसांच्या देहात जगायचा. रात्री ११ वाजता घरची मुलगी एव्हलिन हार्डकॅसल मरते. तिला कोणी मारलं हे सांगितलं तर सुटका. आठ दिवसांत उत्तर सापडलं नाही तर सगळी स्मृती पुसली जाणार आणि तो पुन्हा जंगलात, पुन्हा बेल. आणि सुटका एकालाच मिळणार, स्पर्धेत मात्र आणखी दोघं आहेत.

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते. त्यातला एक असा की अलौकिक शक्तींना इथे थारा नको. टर्टन तो नियम पहिल्या काही प्रकरणांतच मोडतो. तरी वाचकाशी केलेला करार तो मोडत नाही, आणि हे फार कठीण काम आहे. चमत्कार एकदाच होतो आणि त्याचे नियम ताबडतोब सांगितले जातात. त्यानंतर प्रत्येक गोष्ट त्या नियमांनी बांधलेली. सकाळी बेलच्या डोळ्यांनी पाहिलेली चिठ्ठी पुढे दुसऱ्या देहात असताना त्यानेच लिहिलेली निघते. खानसाम्याला झालेली बेदम मारहाण आधी बातमी म्हणून कळते, मग अंगावर सोसावी लागते, मग तीच मारहाण करणाऱ्याच्या देहातही उतरावं लागतं. नॉक्सच्या नियमामागचा हेतू वाचकाची फसवणूक टाळण्याचा होता. तो हेतू इथे कित्येक नियमशीर कादंबऱ्यांपेक्षा अधिक काटेकोर पाळला गेला आहे.

आता ही हवेली. ब्लॅकहीथचा काळ टर्टन वर्षासकट सांगत नाही, पण मोटारी, बंदुकीच्या शिकारी, घंटा वाजवून बोलवायचे नोकर आणि कर्जात बुडालेलं खानदान पाहिलं की आपण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्लंडात आहोत, हे कळतं. त्या वर्गाची पडझड खरीच होती. १८७०नंतर परदेशी धान्य स्वस्त झालं आणि जमिनीचं उत्पन्न घसरलं. १८९४मध्ये विल्यम हार्कोर्टने वारसांवर मृत्युकर बसवला आणि १९१९मध्ये सर्वांत मोठ्या इस्टेटींसाठी तो ४० टक्क्यांवर गेला. पहिल्या महायुद्धात वारसच मारले गेले. नोकर कारखान्यांकडे, दुकानांकडे वळले. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या; १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावरच प्रदर्शन भरवलं. हार्डकॅसल कुटुंब एव्हलिनला लॉर्ड रेव्हनकोर्ट या वयस्क, धनाढ्य सावकाराच्या गळ्यात बांधायला निघालं आहे ते याच घसरणीमुळे. कर्ज फेडायचं तर मुलगी द्यायची.

पण टर्टनला या वर्गाबद्दल हळहळ नाही, आणि ते मला योग्य वाटतं. टीव्ही मालिकांनी या हवेल्यांना चकाकी दिली, इमानी नोकर आणि प्रेमळ मालक यांचं गोड चित्र उभं केलं. ब्लॅकहीथच्या भिंतींना बुरशी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी घरातला लहान मुलगा थॉमस इथे तळ्याकाठी मारला गेला, आळ इस्टेटीवरच्या चार्ली कार्व्हर नावाच्या नोकरावर आला, आणि घर ओस पडलं. आता आईबापांनी त्याच पाहुण्यांना, त्याच दिवसाच्या स्मृतीला, पुन्हा बोलावलं आहे. म्हणजे काळाचा फेरा सुरू होण्याच्या आधीच हे घर एकाच दिवसात अडकलेलं आहे. ज्या घराने आपल्या गुन्ह्याचा दोष नोकराच्या माथी मारला, त्या घराला पुढे सरकताच येत नाही.

कादंबरीचं खरं रूप शेवटाकडे उघडतं. ब्लॅकहीथ हा तुरुंग आहे. बाहेरच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या समाजाने अत्यंत घोर गुन्हेगारांसाठी तो बांधला. एक न सुटलेला खून कैद्यापुढे ठेवायचा, तो सोडवेपर्यंत तोच दिवस जगायला लावायचं, आणि दुसऱ्याच्या मृत्यूचा छडा लावता लावता त्याच्यात माणूसपण येईल अशी आशा धरायची.

ही कल्पना विज्ञानकथेची वाटते, पण तिची मुळं इंग्लंडच्याच इतिहासात आहेत. विल्यम क्युबिट या अभियंत्याने १८१८मध्ये तुरुंगांसाठी पायचक्की तयार केली: मोठ्या फिरत्या दंडगोलावर फळ्यांच्या पायऱ्या आणि त्यावर तासन्‌तास चढत राहणारे कैदी. पायरी खाली जाते, माणूस तिथेच. काही ठिकाणी त्या चक्कीवर धान्य दळलं जाई. अनेक ठिकाणी ती नुसतीच फिरे. एकट्या कैद्यासाठी हाताने फिरवायचा खिटीचा दांडा होता, पेटीतल्या वाळूत फिरणारा, दिवसाला हजारो फेरे, आणि त्यातून काहीही निष्पन्न न होणारा. ऑस्कर वाइल्डला १८९५मध्ये सक्तमजुरी झाली तेव्हा पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्यालाही पायचक्कीवर चढवलं होतं. १८९८च्या कायद्यानंतर हे प्रकार बंद झाले. याच पेंटनव्हिलमध्ये, १८४२ साली तो उघडला तेव्हा, कैद्यांनी एकमेकांना ओळखू नये म्हणून कोठडीबाहेर पडताना चेहरा झाकणारी टोपी घालावी लागे. प्रार्थनामंदिरातसुद्धा प्रत्येकासाठी वेगळा लाकडी कप्पा, समोर फक्त पाद्री दिसेल असा. सुधारकांचा हेतू प्रामाणिक होता. एकांत आणि पुनरावृत्ती यांनी माणूस स्वतःकडे वळेल आणि पश्चात्ताप करील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात कैद्यांना वेड लागू लागलं आणि एकांताची मुदत कमी करावी लागली.

मुखवटा, हरवलेला चेहरा, न संपणारा तोच दिवस. ब्लॅकहीथ हे पेंटनव्हिलचं वंशज आहे. टर्टनने हे जाणूनबुजून केलं की नाही, याने फारसा फरक पडत नाही. कादंबरीत ते आहे. आणि कादंबरीचा अनुभवही इतिहासाशी जुळतो: नुसत्या पुनरावृत्तीने कोणी सुधारत नाही. एडनने असंख्य फेऱ्या केल्या आहेत आणि असंख्य वेळा तो हरला आहे. डॅनियल कोलरिज हा दुसरा कैदी तर फेऱ्यांमधून फक्त अधिक धूर्त झाला. तो एडनला 'मी तुझाच पुढचा देह' म्हणून फसवतो. त्याला नियम पाठ आहेत, वेळा पाठ आहेत, कुठे कोण उभं असेल ते पाठ आहे. ज्ञान वाढलं, माणूस तसाच राहिला. १९९३च्या 'ग्राउंडहॉग डे' या चित्रपटाने टाइम लूपची कल्पना घरोघरी पोहोचवली आणि तिच्यासोबत हा विश्वासही पोहोचवला की तोच दिवस पुरेशा वेळा मिळाला की माणूस चांगला होतोच. टर्टन तो विश्वास नाकारतो. डॅनियल हे पात्र मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

मग एडन बदलतो कशाने? दोन गोष्टींनी, आणि त्यातली पहिली परकायाप्रवेश. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केला तेव्हा ते त्या देहाच्या भोगांत इतके रमले की स्वतःला विसरू लागले आणि शिष्यांना येऊन आठवण करून द्यावी लागली, ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यातला धोका टर्टनच्या धोक्यासारखाच आहे. देह हा नुसता अंगरखा नाही. त्याच्या सवयी, त्याचा राग, त्याची वासना आत शिरलेल्याला गिळू पाहते. जोनाथन डर्बी हा स्त्रियांवर हात टाकणारा नराधम. त्याच्या देहात एडनला प्रत्येक क्षणी त्याच्या आवेगाला लगाम घालावा लागतो, आणि प्रत्येक वेळी जमत नाही. एडवर्ड डान्स हा म्हातारा वकील, त्याचे सांधे आणि त्याचा चिडका ताठा. जिम रॅश्टन हा तरुण हवालदार, ज्याची तपासाची जात्याच तीक्ष्ण नजर एडनला उसनी मिळते. कोणाचीही सुरुवात कोऱ्या पाटीने होत नाही, चांगुलपणालासुद्धा अंगातल्या काहीतरी ओझ्याशी झगडून जागा करावी लागते, हे कादंबरी युक्तिवादाने सांगत नाही. ती वाचकाला त्या अंगात बसवते. वैचारिक पुस्तकांना हे साधत नाही आणि म्हणून कादंबरी हवी.

इथे एक तक्रार नोंदवायलाच हवी. लॉर्ड रेव्हनकोर्ट अतिशय लठ्ठ आहे आणि त्याच्या देहातला दिवस टर्टन ज्या किळसेने रंगवतो ती एडनची राहत नाही, लेखकाची होते. जिने चढताना लागणारी धाप, कपडे घालायला लागणारा सेवक, इतरांच्या नजरा, हे सगळं त्या माणसाचं दुःख म्हणून येऊ शकलं असतं. पानंच्या पानं ते ओंगळपणा म्हणून येतं. बलात्कारी वृत्तीचा डर्बी आणि लठ्ठ रेव्हनकोर्ट यांच्या देहात राहण्याचा तिटकारा जवळजवळ सारखाच तोलला जावा, ही या पुस्तकाच्या नैतिक नजरेतली मोठी चूक आहे. दुसऱ्याच्या कातडीत शिरून करुणा शिकवणाऱ्या कादंबरीला ही कातडी मात्र समजली नाही. रेव्हनकोर्टची बुद्धी एडनला सर्वांत उपयोगी पडते, म्हणून हे अधिकच खटकतं.

एडनला बदलणारी दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅना. पहिल्या पानावरचं ते नाव एका तरुणीचं आहे. तीही कैदी, तीही सगळं विसरलेली. सुटका एकालाच, हे माहीत असूनही दोघं एकमेकांना मदत करतात, एकमेकांचे जीव वाचवतात. शेवटी एडन खुनी शोधतो: एव्हलिन म्हणून वावरणारी मुलगी एव्हलिन नसतेच, आणि खरी एव्हलिन हीच मारेकरी असते. लहानपणी भाऊ थॉमसचा जीव घेणारीही तीच. जुन्या रहस्यकथेत इथे पडदा पडला असता. टर्टनकडे इथून पुढे खरी कसोटी आहे. मुखवटेवाला एडनला अ‍ॅनाची ओळख सांगतो. ती अ‍ॅनाबेल कॉकर, कुप्रसिद्ध दहशतवादी. तिने एडनच्या बहिणीचा, ज्युलिएटचा, छळ करून जीव घेतला होता. एडन कैदी म्हणून इथे आलाच नव्हता. सूड घ्यायला तो स्वतःच्या पायांनी आत आला आणि फेऱ्यांमध्ये स्वतःला हरवून बसला. आता तो काय करील?

तो तिला सोडून जात नाही. ही अ‍ॅना ती अ‍ॅनाबेल नाही, असं तो म्हणतो, आणि दोघंही मुक्त होतात.

हा निर्णय वाचताना मन भरून येतं, आणि त्याच क्षणी एक शंका डोकं वर काढते. ती शंका जुनी आहे. जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण नव्याने घातलं. त्यात त्याने व्यक्तीची ओळख देहावर न ठेवता जाणिवेवर, म्हणजे ढोबळमानाने स्मृतीवर, उभी केली. त्याच्या हिशेबात, जे कृत्य माझ्या जाणिवेत कुठेच उरलेलं नाही ते करणारा 'मी' नव्हतो, आणि त्यासाठी मला शिक्षा करणं अन्याय आहे. लॉकला अडचण दिसत होती: दारूच्या नशेतल्या गुन्ह्याचं काय? तिथे त्याने मान्य केलं की आठवत नाही हे सिद्ध करता येत नाही म्हणून न्यायालय शिक्षा देतं. ब्लॅकहीथने ही अडचण दूर केली आहे. तिथे विस्मरण खात्रीचं आहे.

प्रत्यक्षातल्या न्यायालयापुढे हा प्रश्न आला तो अमेरिकेत. व्हर्नन मॅडिसन याने १९८५मध्ये अलाबामात एका पोलिसाचा खून केला आणि त्याला देहदंड झाला. अनेक वर्षांनी पक्षाघाताचे झटके येऊन त्याची स्मृती गेली. आपण काय केलं ते त्याला आठवेना. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्ये निकाल दिला की गुन्हा आठवत नाही एवढ्यानेच देहदंड रोखता येणार नाही, मात्र आपल्याला ही शिक्षा का होते आहे हेच ज्याला समजू शकत नाही त्याला ती देता येणार नाही. स्मृती आणि समज यांच्यातला हा फरक मला लॉकच्या मांडणीपेक्षा अधिक खोल वाटतो. मॅडिसनच्या देहदंडाची अंमलबजावणी झाली नाही. २०२०मध्ये तो तुरुंगात वारला. माझा स्वतःचा कल देहदंडाविरुद्ध आहे आणि तो निकाल मला पुरेसा उदार वाटत नाही. पण न्यायालयाने विचारलेला प्रश्न बरोबर होता: या माणसाला काय उमजतं?

टर्टनच्या शेवटाला हाच प्रश्न लावून पाहू. एडनला अ‍ॅनाबेलचे गुन्हे माहिती म्हणून कळले आहेत. ज्युलिएटचा चेहरा, तिचं हसणं, तिच्या मृत्यूची बातमी येतानाचा तो क्षण, काहीच त्याच्यापाशी नाही. जे दुःख त्याला सूडापर्यंत घेऊन गेलं तेच पुसलं गेलं आहे. ज्याला जखम जाणवत नाही तो जखम करणाऱ्याला माफ करतो आहे, आणि जिला माफी मिळते तिला आपण जखम केल्याचं स्मरण नाही. दोन्ही बाजूंनी पाटी पुसल्यावर झालेला हा समेट आहे. माफी म्हणून तो हलका पडतो. अ‍ॅनाबेलने मारलेल्या बाकीच्यांच्या घरच्यांना तर कोणी विचारलेलंच नाही.

स्मृती न पुसता माणूस बदलू शकतो का? याचं उत्तर शोधायला इंग्लंडातल्याच एका हवेलीत जावं लागतं, आणि ही हवेली काल्पनिक नाही. जून १८६०च्या अखेरीस एका रात्री विल्टशरमधल्या रोड हिल हाउस या घरातून सॅव्हिल केंट हा चार वर्षांचाही न झालेला मुलगा नाहीसा झाला. नोकरांच्या बाहेरच्या संडासात त्याचं गळा चिरलेलं प्रेत सापडलं. घराची दारं आतून बंद होती, म्हणजे खुनी घरातलाच. स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला आणि त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्सला, अटक केली. पुरावा एका हरवलेल्या झोपण्याच्या झग्याचा. एका कामकऱ्याच्या पोराने सभ्य घरातल्या मुलीवर असा आळ घ्यावा, हे देशाला सहन झालं नाही. ती सुटली आणि व्हिचरची कारकीर्द झाकोळली. इंग्रजी रहस्यकथेचा पाया या प्रकरणावर उभा आहे. विल्की कॉलिन्सच्या १८६८च्या 'द मूनस्टोन'मधला डागाळलेला झगा आणि सार्जंट कफ इथूनच आले.

टर्टनच्या एव्हलिनची आणि कॉन्स्टन्सची गोष्ट किती जवळची आहे, पाहा: हवेली, लहान भावाचा खून, घरातलीच मोठी बहीण, वर्षानुवर्षं दडलेलं सत्य. पण कॉन्स्टन्सने १८६५मध्ये, कोणीही पकडलेलं नसताना, स्वतः जाऊन कबुली दिली. तिला फाशी सुनावली गेली, मग जन्मठेप. ती वीस वर्षं तुरुंगात राहिली आणि १८८५मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, सुटली. नाव बदलून ऑस्ट्रेलियाला गेली आणि परिचारिका झाली. विषमज्वराच्या रुग्णांची शुश्रूषा केली, सिडनीजवळ कुष्ठरुग्णांमध्ये काम केलं, पुढे परिचारिकांच्या वसतिगृहाची प्रमुख झाली. १९४४मध्ये शंभर वर्षांची होऊन ती वारली. खुनात तिचा भाऊ विल्यमही सामील होता आणि कबुली त्याला वाचवण्यासाठी होती, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो खरा असला तर हे आयुष्य अधिकच कठीण होतं, सोपं होत नाही.

या बाईने काय भोगलं असेल, हे सांगायचा अधिकार मला नाही. पण तिच्या आयुष्याचा घाट समोर आहे. तिला काही विसरू दिलं गेलं नव्हतं. तिने नाव बदललं, स्मृती बदलता येण्यासारखी नव्हती. ज्या हातांनी ते कृत्य झालं त्याच हातांनी पुढची कित्येक दशकं तिने परक्यांच्या जखमा धुतल्या. ती रात्र आठवत असतानाही रोज सकाळी उठून कामावर जाणारी कॉन्स्टन्स मला 'अ‍ॅना ही अ‍ॅनाबेल नाही' या सोयीपेक्षा कितीतरी अवघड आणि खरी वाटते. ती तीच होती, आणि तरी तिने दुसरं आयुष्य उभं केलं.

महाराष्ट्राला हा वाद अनोळखी नाही. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथे कुंपणाशिवाय शेती करत आणि त्यांच्या बायकामुलांना सोबत राहू देत. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी काढलेला 'दो आँखें बारह हाथ' १९५७मध्ये आला. चित्रपटातला अधिकारी कैद्यांवर नजर ठेवतो ती विश्वासाने. पण मला वसाहतीतली बायकामुलं अधिक महत्त्वाची वाटतात. तुम्ही काय केलं ते जाणणारी माणसं रोज सोबत जेवतात, शेतात येतात, भांडतात. तिथे विसरण्याची सोय नाही, आणि एकांताची शिक्षाही नाही. ब्लॅकहीथच्या आणि पेंटनव्हिलच्या आखणीकारांना जे सुचलं नाही ते माणदेशाच्या त्या दुष्काळी मुलखात सुचलं.

आणि तरीही टर्टनला श्रेय द्यायलाच हवं, कारण त्याच्याच पुस्तकात या उत्तराची अर्धी वाट आहे. एडन आणि अ‍ॅना बदलतात ते मुखवटेवाल्याच्या यंत्रणेमुळे नाही. तिने तर त्यांना एकमेकांचे शत्रू केलं होतं. एकालाच बाहेर जाता येईल हा नियम त्यासाठीच होता. ते बदलतात कारण नियम मोडून त्यांनी एकमेकांना निवडलं. मुखवटेवाल्यालाही हे दिसतं, आणि अ‍ॅनाने कधीच सुटू नये अशी त्याच्या वरिष्ठांची इच्छा असताना तो दार उघडतो. तुरुंगाचा पहारेकरी कैद्याचं वर्तन पाहून आपला हुकूम बाजूला ठेवतो, हे या कादंबरीतलं सर्वांत धाडसी पाऊल. बहुतेक वाचकांचं लक्ष कोड्याच्या उकलीकडे असल्यामुळे ते नजरेतून सुटतं.

मला हवं होतं त्यापुढचं एक प्रकरण. अ‍ॅनाला सगळं सांगितलं जातं, तिच्या हातून गेलेल्यांची नावं एकेक करून तिच्यापुढे ठेवली जातात, आणि एडनला त्याची ज्युलिएट परत मिळते, तिच्या मृत्यूच्या सगळ्या वेदनेसकट. त्यानंतर त्याने अ‍ॅनाचा हात धरला असता की सोडला असता, हे टर्टन लिहीत नाही. हात सोडला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. धरला असता, तर रहस्यकथेने गेल्या दीडशे वर्षांत न लिहिलेलं पान लिहिलं गेलं असतं.